नळ दारात आला, पाणी कुठं अडलं?

वाचकांचे प्रश्न, सरपंचताईंची उत्तरं

(भूम तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर वसलेल्या एका गावच्या सरपंच या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. 26 जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आल्यामुळं यावेळी गावच्या कारभाराबद्दलची पत्रं निवडली आहेत.)

प्रश्न : ताई, जलजीवनचा नळ दारात बसून वर्ष झालं. पाणी चौथ्या दिवशी येतं, तेही अर्धा तास. सप्टेंबरात ओढ्याला महापूर आणि आता घागर रिकामी, हे कसं? आणि पाणीपट्टी तरी कशाची भरायची?
*– गावातलीच एक वाचक*

रागावलात ते बरोबरच आहे. माझ्याही घरी चौथ्याच दिवशी येतं. सरपंचाच्या नळाला वेगळी लाईन आहे असं काहीजण पारावर सांगतात, त्यांनी एकदा सकाळी येऊन माझा हौद बघावा.

2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं भूम-परंडा भागाची काय दशा केली ते तुम्ही बघितलंय. आपली पाण्याची विहीर ओढ्याच्या काठाला. पुराचं पाणी काठावरून आत शिरलं, विहीर गाळानं भरली, मोटार गेली, ओढा ओलांडणारी पाईपलाईन उखडली. गाळ काढला, पाईप जोडला, मोटार भाड्यानं आणून चालवली. ऑक्टोबरच्या तपासणीत आरोग्य खात्यानं आपल्याला पिवळं कार्ड दिलं. हिरवं असतं तर बरं, लाल असतं तर साथीचा धोका. पिवळं म्हणजे अजून काम बाकी आहे.

म्हणून सध्या पाणी सोडण्याआधी टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचं काम मी स्वतः बघते. हजार लिटरला पाच ग्रॅम, आधी बादलीत कालवून वरची निवळी टाकीत, मग अर्धा-पाऊण तास थांबायचं. शेवटच्या नळावर ओटी चाचणीत पिवळा रंग दिसला तरच क्लोरीन पोचलं समजायचं. पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास लागतं, वीसच्या खाली गेलं की ती पांढरी माती. पोतं उघडं ठेवलं, ओल लागली की तेच होतं. पूर्वी आपल्याकडं पोतं कुठं पडलेलं असायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याला वास येतो म्हणून मला शिव्या द्या, चालेल. हगवणीची साथ आलेली चालणार नाही.

आता खरं दुखणं. जलजीवन योजनेत माणशी दिवसाला 55 लिटर धरलेत. टाकी, पाईप, नळ सगळं त्या हिशोबानं झालं. पण विहिरीत तेवढं पाणी वर्षभर राहतं का, ह्याचं उत्तर पाईप देत नाही. आपली जमीन काळ्या पाषाणाची. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्याखाली कोरडा दगड. एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस पडला तरी तो ओढ्यानं निघून जातो, मुरतो थोडाच. त्यात विहिरीच्या आसपास बोअर वाढले. सार्वजनिक पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायचा नाही असा कायदा आहे. गेल्या उन्हाळ्यात रात्री बोअरची गाडी लागलेली मी पाहिली, तहसीलला अर्ज दिला. सांगायला वाईट वाटतं, पण त्या गाडीजवळ पारावरचे दोन-तीन जण होतेच. तुम्हाला शेताला पाणी हवं हे मला कळतं, माझीही तूर-सोयाबीन आहे. पण शिवारातला एक बोअर चालला तर विहिरीची पातळी किती उतरते ते दोर सोडून मोजा, मग भांडा.

म्हणून पंचायतीच्या यंदाच्या विकास आराखड्यात माझा अग्रक्रम एकच : विहिरीच्या वरच्या बाजूच्या नाल्याचं खोलीकरण, दोन ठिकाणी पुनर्भरणाचा खड्डा आणि विहिरीला उंच कठडा. पाणलोटाच्या कामानं काय होतं ते बघायला लांब जायला नको, जालना जिल्ह्यातलं कडवंची बघून या. तिथं 1990 च्या दशकात डोंगरापासून खाली काम केलं आणि त्याच पावसात द्राक्षं उभी राहिली. आपल्याला द्राक्षं नकोत, मार्चमध्ये घागर भरली तरी पुरे.

पाणीपट्टीबद्दल खाली एका पत्रात बोलते.

प्रश्न : गावाला एवढा निधी येतो म्हणता, मग आमच्या गल्लीचा सिमेंट रस्ता का होत नाही? पैसे जातात कुठं?
*– एक तरुण*

मार्च 2026 पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राचा पैसा दोन कप्प्यांत. समजा दहा लाख आले. त्यातले सहा लाख बंधित : तीन स्वच्छता-सांडपाण्याला, तीन पिण्याच्या पाण्याला आणि पावसाचं पाणी साठवायला. उरलेले चार लाख अबंधित, ते गावाच्या गरजेप्रमाणं, पण त्यातनं पगार देता येत नाही. म्हणजे तुमच्या गल्लीला येऊ शकेल तो पैसा फक्त चार लाखांतला. त्यातच दिवाबत्ती, शाळेची गळती, स्मशानभूमीचं शेड. बंधितचा पैसा रस्त्यावर फिरवता येत नाही, आणि येत असता तरी मी फिरवला नसता.

तुमच्या गल्लीत आधी गटार होईल. खव्याच्या भट्टीवरचे कॅन धुतलेलं पाणी जिथं मोकळं सुटतं, तिथं वरून सिमेंट ओतलं तर दोन वर्षांत तो रस्ता उखडलेला दिसेल. भट्टीवाल्यांशी बोलणं झालंय, शोषखड्डे त्यांनी करायचेत, गटार पंचायतीनं.

प्रश्न : सरपंच तुम्ही, पण कारभार साहेब बघतात असं ऐकतो. खरं काय?
*– नाव न लिहिण्याच्या अटीवर*

साहेब, म्हणजे माझे यजमान, म्हशी बघतात. धारा वेळेत निघाल्या तर खव्याला दूध जातं, नाहीतर घरात भांडण.

पंचायतीचं पेमेंट ऑनलाईन होतं. त्याला सरपंचाची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, दोघांची डिजिटल सही लागते. (ग्रामसेवकांना 2024 पासून हे नवं पदनाम आहे; गावात अजून कुणी तसं म्हणत नाही.) माझ्या सहीची पेनड्राईव्हसारखी चावी माझ्या कपाटात असते. एकदा एका ठेकेदारानं "ताई, चावी भाऊंकडं द्या, मी येऊन घेतो" असा निरोप धाडला होता. त्याचं बिल मोजमाप पुस्तिका बघून मगच निघालं. पन्नास टक्के आरक्षण आहे म्हणून मी इथवर आले, हे म्हणायला मला कमीपणा वाटत नाही. मानधनाचंही विचारून टाका : आपल्यासारख्या दोन हजारांच्या आतल्या गावाला महिन्याला 6,000 रुपये. 2024 मध्ये दुप्पट झालं तेव्हा एवढं.

प्रश्न : आम्ही जोडीनं कारखान्यावर आलोय. दसऱ्यानंतर गाव सोडतो, गुढीपाडव्याच्या सुमारास येतो. 26 जानेवारीची सभा आम्हाला कधीच मिळत नाही. आमचं कोण ऐकणार?
*– एक ऊसतोड कामगार*

दादा, तुमचं पत्र सभेत वाचून दाखवणार आहे.

आपल्या गावातले निम्मे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, हंगामात बाहेर असतात आणि सगळ्यात महत्त्वाचे ठराव नेमके तेव्हाच होतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि आमच्यासारखे घरदारवाले. सभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी ते हजर लागतात. ते जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग चार डोकी गावाचं वर्ष ठरवतात.

पुढच्या वर्षी आराखड्याची कामं 2 ऑक्टोबरच्या सभेत, तुम्ही गाव सोडायच्या आधी वाचली जातील. त्याच्या आदल्या दिवशी महिला सभा. तुमच्या बायकोनं तिथं बोलावं, कारण पाण्याचं हेलपाट्याचं दुखणं तिचंच. दुसरं, ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र पंचायतीकडून मिळतं. ते काढलं नसेल तर आल्याबरोबर या. मुकादमाचं नाव, कारखाना, आधार एवढं बरोबर असू द्या. आणि लेकरू तिकडं फडात हिंडत असेल तर आजीकडं पाठवता येतं का बघा. गावात हंगामी वसतिगृहासाठी शाळेनं नावं मागवलीत, मुलं कमी पडली तर ते मंजूर होत नाही.

प्रश्न : शेजाऱ्यानं नांगरट करताना आमचा जुना गाडीरस्ता मोडला. पंचायतीनं दखल घ्यावी.
*– एक शेतकरी*

ही पंचायतीच्या हातातली गोष्ट नाही, उगाच आशा लावत नाही. आधी तलाठ्याकडं गावनकाशा बघा. दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीमार्ग, एकेरी असेल तर पाऊलवाट. असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडं अर्ज. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, हे विसरू नका. रस्ताच नव्हता आणि नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. तडजोड करायची असेल तर दोघांना घेऊन मी पारावर बसते, पण अर्ज आधी करून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा दिव्यांग आहे. पंचायतीकडून त्याला काही मिळतं का?
*– एक वडील*

मिळायलाच पाहिजे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः तुमची-आमची घरपट्टी आणि पाणीपट्टी.

आता वरच्या पत्रातल्या ताईंना उत्तर देते. पाणी वेळेत नाही म्हणून पट्टी भरायची नाही, हा राग मला समजतो. पण आपल्याकडं निम्म्याहून जास्त पट्टी थकलेली आहे, त्यात चांगली पक्की घरं आणि दारात ट्रॅक्टर असलेलेही आहेत. वसूल होतं त्यातनं वीजबिल आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार गेला की राखीव रकमेची वाट लागते. ह्या भावाच्या पोराच्या वाट्याला गेल्या वर्षी जे आलं, त्यात चाकाची खुर्चीसुद्धा येत नव्हती. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात तेव्हाचे सरपंच भास्करराव पेरे पाटलांनी कर भरणाऱ्याला गिरणीत फुकट दळण करून दिलं आणि वसुली झाली. आपण गिरणीच्या गोष्टी सांगतो, दाखले घ्यायच्या दिवशीच पट्टी आठवते.

भाऊ, मुलाच्या यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डाची झेरॉक्स आणि बँक पासबुक घेऊन पंचायतीत द्या, पोच घ्या. कार्ड नसेल तर धाराशिवच्या शासकीय रुग्णालयात तपासणी करावी लागते, सोबत मी माणूस देते. थकबाकीदारांची यादी आणि दिव्यांगांची यादी, दोन्ही 26 तारखेला एकाच फळ्यावर लावणार आहे.