टाळ्या कमी, सराव जास्त

प्रिय,

बौद्धिक दिव्यांग मुलांना खेळ शिकवायचं तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनाला लागलं: ‘हार-जीत महत्त्वाची नाही, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं की पुरे.’ तुझी माया मला कळते. तरी नीट बघ, त्यात तू एक गोष्ट आधीच ठरवून टाकली आहेस: या मुलांना खरी स्पर्धा झेपणार नाही.

हीच समजूत एकेकाळी डॉक्टर, शिक्षक आणि आईवडील सगळ्यांचीच होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या फ्रँक हेडन या अभ्यासकाने ती तपासली. या मुलांचा दम आणि ताकद समवयस्कांपेक्षा खूपच कमी होती, हे खरंच होतं. पण त्याचं मोठं कारण दिव्यांगत्व नव्हतं. त्यांना कोणी पळूच दिलं नव्हतं. पद्धतशीर व्यायाम सुरू झाल्यावर त्यांची तंदुरुस्ती सुधारू लागली.

त्याच सुमारास, १९६२ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी अमेरिकेत मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी शिबिर भरवलं. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. लहानपणी ती भावंडांबरोबर पोहायची, शिडाच्या होडीत जायची. १९४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिच्यावर लोबोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले जोड तोडणारी शस्त्रक्रिया, झाली आणि तिचं चालणं-बोलणं गेलं. नंतरचं जवळजवळ सगळं आयुष्य तिने संस्थेत काढलं. युनिस यांच्या कामामागे ही बहीण होती, असं मी मानतो. २० जुलै १९६८ रोजी युनिस यांच्याच पुढाकाराने शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या पहिल्या स्पेशल ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या, त्यात अमेरिका आणि कॅनडाचे सुमारे एक हजार खेळाडू उतरले. तिथल्या शपथेत पहिली मागणी आहे ती जिंकू देण्याची. जिंकता आलं नाही, तर प्रयत्नात धैर्य दाखवता यावं, हे त्यानंतर येतं. हा क्रम विसरू नकोस.

आता मुद्दा स्पेशल ऑलिम्पिकमधल्या गटवारीचा. या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत न्याय्य वाटणारी गोष्ट हीच. आधी प्राथमिक फेरीत प्रत्येकाची वेळ किंवा अंतर मोजतात. मग वय, लिंग आणि कामगिरी बघून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. गटातल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ खेळाडूत साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, असा निकष असतो. त्यामुळे शंभर मीटरला चौदा सेकंद घेणारा आणि चाळीस सेकंद घेणारा, दोघांचीही शर्यत आपापल्या गटात अटीतटीची होते. पुढच्या पातळीवर कोण जाणार हे ठरवताना सगळ्या गटांतल्या विजेत्यांमधून चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे संथ गटातला विजेताही जागतिक स्पर्धेपर्यंत पोचू शकतो. प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू पळणाऱ्याला मात्र बाद करता येतं. या खेळाडूंकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवणं, हा मला त्यांचा मोठा सन्मान वाटतो.

पॅरालिम्पिकची, म्हणजे सर्व प्रकारच्या दिव्यांग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेची, वाट वेगळी. तिथे निव्वळ सर्वोत्तम कामगिरी मोजतात. सिडनीत २००० साली स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकलं आणि नंतर उघड झालं की बारापैकी दहा खेळाडू बौद्धिक दिव्यांग नव्हतेच. शिक्षा भोगली ती खऱ्या खेळाडूंनी. २०१२ च्या लंडन स्पर्धेपर्यंत त्यांना पॅरालिम्पिकची दारं बंद राहिली. याचा मला आजही संताप येतो.

परिणाम पदकांपुरता राहत नाही. १९९७ पासून स्पेशल ऑलिम्पिकच्या स्पर्धांच्या ठिकाणी डोळे, दात, कान यांची मोफत तपासणी होऊ लागली, आणि कित्येकांची कमजोर नजर तिथे पहिल्यांदा लक्षात आली. ‘त्याला समजत नाही’ असं घरचे म्हणत होते, खरं तर त्याला दिसतच नव्हतं. युनिफाइड स्पोर्ट्समध्ये दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात खेळतात. असा संघ बांधशील तेव्हा बॉल सतत कोणाकडे असतो ते बघ. तो दिव्यांग नसलेल्या जोडीदारांच्याच पायात फिरत असेल, तर संघ नावापुरताच एकत्र आहे.

सुरुवात अशी कर. एका वेळी एकच सूचना दे, तीही आधी स्वतः करून दाखव. तोच शब्द रोज वापर. ‘थांब’ म्हणायचं ठरवलंस तर उद्या ‘स्टॉप’ नको. चूक झाली तर चूक सांग, त्यावर टाळ्या वाजवू नकोस. वीस वर्षांच्या खेळाडूशी लाडीगोडीच्या बोबड्या सुरात बोलू नकोस. कोणता खेळ आवडतो, हे त्याच्या आईला विचारण्याआधी त्यालाच विचार. प्रत्येकाची वेळ पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेव, आणि ती वही त्यालाही दाखव.

आणि हे अगदी आधी कर: डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतल्या जन्मजात फरकामुळे येणारी अवस्था) असलेल्या काही जणांत मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांनी तपासून होकार दिल्याशिवाय त्यांना पाण्यात सूर मारायला, उंच उडी किंवा कोलांटउडी घ्यायला लावू नकोस. पहिल्या सरावाच्या आत सगळ्यांचे वैद्यकीय कागद हातात येऊ देत. वही भरू लागली की मला आकडे कळव. गट कसे पाडायचे ते आपण मिळून बघू.

तुझा,
दादा