ड्रेस्डेनला यायचं तर सूत्रकृमी पाळायची तयारी ठेव

तुझे प्रश्न असे: अकरावीत बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, आता फिजिक्सची एमएस्सी संपतेय, तर जर्मनीत ड्रेस्डेनला जीवभौतिकीत (सजीवांच्या भौतिकशास्त्रात) पीएचडी जमेल का? जर्मन किती यायला हवं? पैसे पुरतात का? आणि शेवटी, 'ताई, तिथे नक्की करतात तरी काय?' या शेवटच्यापासून सुरू करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

तुमच्या सांगोल्याकडे सूत्रकृमी (मुळांना लागणारे दोऱ्यासारखे बारीक कृमी) म्हटलं की डाळिंबवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. इथे त्यांचाच एक निरुपद्रवी भाऊबंद, सी. एलेगन्स, बशीत जीवाणू खाऊ घालून पाळतात. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंडं त्याच्या विसाव्या हिश्शाएवढं आणि पारदर्शक. त्या अंड्यात 'पी ग्रॅन्यूल' नावाचे ठिपके असतात. पेशी पहिल्यांदा विभागण्याआधीच ते सगळे मागच्या टोकाला गोळा होतात आणि पुढे बीजपेशी (ज्यांतून अंडी-शुक्राणू बनतात) होणाऱ्या भागात जातात. ग्रॅन्यूल म्हणजे कण, म्हणून सगळे त्यांना घट्ट कणच समजत. २००९ साली क्लिफ ब्रँगविन, टोनी हायमन, फ्रँक युलिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते द्रवाचे थेंब आहेत. केंद्रकावरून ते ओघळतात, दोन भेटले की एक होऊन गोल होतात. मिसळीच्या तर्रीवरचे तेलाचे ठिपके आठव. शिवाय ते मागे वाहत जात नाहीत. पुढच्या बाजूला विरघळतात आणि मागे नव्याने जमतात, दव पडावं तसे.

यात फिजिक्सवाल्याचं काम काय? दोन थेंब मिसळून गोल व्हायला लागणारा वेळ आणि त्यांचा आकार मोजला की चिकटपणा आणि पृष्ठताण यांचं गुणोत्तर मिळतं. हे गणित तुला आजही येतं. त्यातून चिकटपणाचा अंदाज निघाला पाण्याच्या सुमारे हजारपट. हायमन आणि ब्रँगविन यांना पुढे याच कामासाठी २०२३ चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं. २०१५ मध्ये हायमन यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. एएलएस या चेतापेशींच्या आजाराशी संबंधित एफयूएस प्रथिनाचे थेंब कालांतराने घट्ट होतात, आणि आजारात त्या प्रथिनात होणाऱ्या बदलामुळे ते आणखी लवकर घट्ट होतात. (तूप थिजतं तसं म्हणणार होते, पण तूप पुन्हा वितळतं. इथे तंतू तयार होतात.)

दुसरी बाजू पेशीच्या सालीची. पेशीपटलाच्या आतून ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांचं पातळ जाळं असतं. ते एटीपी (पेशीचं इंधन) जाळून स्वतःला आवळत राहतं. श्टेफान ग्रिल यांच्या गटाने लेझरने त्यात बारीक चीर पाडली आणि कडा किती वेगाने मागे सरकतात ते मोजून ताण काढला. २०१४ साली याच जाळ्यात पीळही असतो आणि कृमीचं डावं-उजवं तिथूनच ठरू लागतं, हे दाखवलं गेलं. स्वतः ऊर्जा खर्चून हलणाऱ्या अशा पदार्थाच्या सिद्धांताचा पाया घालणाऱ्यांत बंगळुरूचे श्रीराम रामस्वामी आहेत. पेशीपटलावर हीच कल्पना मदन राव आणि सत्यजित मेयर यांनी लावली, तीही तिथेच. मला हे इथे येऊन कळलं, याची अजून लाज वाटते. म्हणून अर्ज बंगळुरूलाही कर.

आता बायोलॉजी. मीही कोरीच आले होते. पहिले सहा महिने वाटलं, समीकरणं आपण लिहू, कृमी बाकीचे सांभाळतील. मग पर्यवेक्षकांनी कृमी उचलायची प्लॅटिनमच्या तारेची उचलणी हातात दिली. माझ्या बशांना दोनदा बुरशी लागली, तीन आठवडे वाया गेले. पण रोज बघून बघून एक कळलं: माझ्या मॉडेलमधली पेशी गोल होती, खरी लांबट होती, आणि माझा प्रवाह त्यामुळेच उलटा येत होता. बायोलॉजी पाठ नसली तरी चालेल. बघायचा कंटाळा असेल तर मात्र येऊ नकोस.

एक सावधगिरी. थेंबांची आता फॅशन आहे. पेशीत गोल ठिपका दिसला, हेक्सेनडायॉल हे रसायन टाकल्यावर विरघळला, की लगेच 'द्रव-द्रव विलगन' (एका द्रवातून दुसरा थेंब होऊन वेगळा होणं) म्हणून शोधनिबंध. ते रसायन पेशीत इतरही बरंच काही बिघडवतं. मुलाखतीत याबद्दल शंका विचारलीस तर चांगल्या गटात तुझी किंमत वाढेल. जिथे कमी होईल तो गट सोड.

इथे एल्बे नदीजवळ मॅक्स प्लांक या जर्मन संशोधनसंस्थेची पेशीजीवशास्त्राची शाखा आहे, दक्षिणेच्या चढावर जटिल प्रणालींच्या भौतिकीची, आणि २०१९ पासून तांत्रिक विद्यापीठाचा 'फिजिक्स ऑफ लाइफ' हा संशोधनसमूह. दोन मार्गदर्शक माग, एक प्रयोगाचा, एक सिद्धांताचा. आणि ते दोघं एकमेकांशी खरंच बोलतात का, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना विचार.

पैसे पुरतात. विद्यापीठात पीएचडीला बहुधा ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीचा ६५ टक्के करार (म्हणजे पूर्ण पगाराच्या ६५ टक्के) मिळतो. कर आणि विमा जाऊन साधारण २,००० युरो हातात येतात, सामायिक घरातल्या खोलीला माझे ४०० जातात. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. पत्र आलं की भर, वाद घालू नकोस.

प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं, शहरात नाही. पत्ता नोंदवायला गेले तेव्हा घरमालकाचा सहीचा कागद नव्हता, तशीच परत आले, कारण तिथे समजावून सांगण्यापुरतंही जर्मन मला येत नव्हतं. जर्मनची ए-२ ही दुसरी पातळी करून ये. पेगिडा या चळवळीची परदेशी लोकांविरुद्धची निदर्शनं २०१४ साली याच शहरात सुरू झाली, हेही माहीत असू दे. ट्राममध्ये मला दोनदा टोमणे ऐकावे लागले. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या की अजून माझं व्याकरण सुधारतात.

अर्जाआधी एक कर. चाळणीत टिश्यू पेपर, त्यावर बागेतली मूठभर माती, खाली भांड्यात पाणी मातीला जेमतेम टेकेल इतकं. रात्रभरात सूत्रकृमी पाण्यात उतरतात. तळचे थेंब कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेव, मोबाइलने चित्रण घे आणि एका वळशाला किती सेकंद लागतात ते मोज. तो आलेख मला पाठव, मग तुझं अर्जाचं पत्र बघू.