नवरा दिवसातून दहा वेळा पेनाचं पार्सल ट्रॅक करतो, हे नॉर्मल आहे का?

ताई, नॉर्मल आहे. मी पण तेच करतो. तुम्ही लिहिलंय की घरात आधीच चौदा शाईची पेनं आहेत, पंधरावं मागवून तीन आठवडे झाले, माणूस सकाळी ब्रश करताना पण मोबाइलमध्ये पार्सल कुठं पोचलं ते पाहतो, आणि दहा रुपयाचं जेल पेन पण लिहितंच ना, मग यात एवढं काय. हा शेवटचा प्रश्न आमच्या घरी पण विचारल्या जातो, फक्त आवाज जरा मोठा असतो.

खरं सांगू का, ती वाट पेनाची नसतेच, निबची असते. पेन कसं दिसतं ते फोटोत दिसतं, वजन लिहिलेलं असतं, लांबी दिलेली असते, चार जणांनी व्हिडिओ टाकलेले असतात. पण तुमच्या वाट्याला आलेली निब कागदावर कशी चालेल ते कुणीच सांगू शकत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या दोन घ्या, एक शेवाळावरून पाय घसरल्यासारखी जाते अन दुसरी पाटीवर खिळा ओढल्यासारखी. कारण निबच्या टोकाला कडक मिश्रधातूचा मोहरीहून कितीतरी लहान दाणा जोडलेला असतो, त्याच्या मधोमध चीर पाडतात, त्या चिरेच्या दोन बाजू केसभर जरी खाली-वर झाल्या की गेलं, कागद ओरबाडणार. सोन्याच्या निबवर 585 कोरलेलं दिसतं म्हणजे 14 कॅरट, पण कागदाला जे लागतं ते सोनं नसतंच, हा दाणा असतो. (हे घरी सांगू नका, नाहीतर तुमचे हे मला शिव्या देतील.) म्हणून पेन हातात येऊन पहिली ओळ लिहून होईपर्यंत चैन नसते, दहावी-बारावीचा निकाल लागायच्या आदल्या रात्रीसारखं.

त्यात आपल्याला मराठी लिहायचं असतं ही वेगळी भानगड. जपानी पेनावरचं एफ म्हणजे फाइन अन जर्मन पेनावरचं एफ यात फरक आहे, जपानी साधारण एक नंबर बारीक निघते. रोमन अक्षरांना जाड निब शोभते, पण तीच घेऊन आपलं 'क्ष' किंवा 'शृं' लिहून पाहा, आतल्या सगळ्या खिडक्या बुजतात, अनुस्वाराचा तर डाग होतो नुसता. मी एकदा हौसेनं स्टब निब मागवली होती, म्हणजे टोक चपटं कापलेलं असतं, उभी रेघ जाड येते आडवी बारीक. पाकिटावर नाव लिहायला झकास, पण पानभर मराठी लिहायला घेतलं तर काने जाड अन शिरोरेषा उपाशी, चार दिवसात ठेवून दिली.

आता माझं मागच्या मे महिन्यातलं सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. दक्षिणेतल्या एका कारागिराकडे एबोनाइटचं पेन बनवायला दिलं होतं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याचा दांडा लेथवर हातानं कातून पेन करतात. आपल्या देशात हे काम जुनं आहे, राजमहेंद्रीच्या रत्नम पेनबद्दल गांधीजींनी 1935 साली स्वतः पत्र लिहून पसंती कळवली होती. तर माझा नंबर लागायला सात आठवडे गेले. हे हाताचं काम आहे, तक्रार नाही. पण एकदाचं निघालं अन मग खरी मजा सुरू झाली. चेन्नईहून निघालेलं पार्सल नागपूर ओलांडून भिवंडीला गेलं आणि तिकडून परत नागपूरला आलं. देशाचा झिरो माइल आपल्या गावात, चेन्नई-दिल्ली रेल्वे आपल्या दारातून जाते, अन पेनाला भिवंडी दाखवून आणायची हौस कुरियरवाल्याला! मी मोबाइलकडे पाहून मोठ्यानं बोललो "अबे इकडंच तर होतं ना," तर शेजारच्या टेबलवरचे साहेब म्हणे कोण मेलं.

ज्या दिवशी 'आज पोचेल' आलं त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकली, कारण सांगितलं दाढ दुखते. घरी आलो तर कुरियरचं पोट्टं पार्सल वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवून गेलेलं. नागपूरचा मे, दुपारी तीन, बाहेर पंचेचाळीस, त्या केबिनमध्ये किती असेल देवाला माहीत. डबा हाताला गरम लागत होता. उघडल्या उघडल्या तो रबर-गंधकाचा वास आला, आमच्या हिनं नाकाला पदर लावला, मला मात्र लय बरं वाटलं. मग आधी भिंग घेऊन खिडकीपाशी निब पाहिली, चीर सरळ, दोन्ही टोकं बरोबरीत. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून निब अन खालची जीभ, म्हणजे निबला शाई पुरवणारा भाग, धुतली, कारण कारखान्याचं तेल राहिलेलं असलं की शाई अडते. जीभ निबला नीट चिकटून नव्हती, तर ती गरम पाण्यात बुडवून, मऊ झाली की अंगठ्यानं दाबून बसवायची असते, एबोनाइटच्या जिभेचा हाच फायदा. ते गरम पाणी मी चहाच्या पातेल्यात केलं ही चूक झाली, तो विषय इथे नको.

शाई कोणती भरायची हे तर महिनाभर आधीच ठरलेलं असतं. वाट पाहण्याच्या दिवसात तेच काम असतं, बाटल्या काढायच्या, कापसाच्या काडीनं कागदावर पट्टे ओढायचे, सुलेखा भरू का दुसरी कोणती, मग रात्री परत मत बदलायचं. सुलेखा म्हणजे बंगालची, 1934 पासूनची स्वदेशी शाई, मध्ये बरीच वर्षं बंद पडली होती. मी निळी-काळी भरली, ड्रॉपरनं सरळ पेनाच्या पोटात. कूलरपुढं बसून लिहायला घेतलं तर सगळ्या अक्षरांना मुळं फुटली. मला वाटलं निब गेली. पण दोष कूलरचा होता, दमट हवेनं कागद ओला होतो अन शाई फुटते. आतल्या खोलीत पंख्याखाली जाऊन परत लिहिलं, चोख. पहिला शब्द मी प्रत्येक पेनानं 'नळ' लिहितो, का ते माहीत नाही, बहुतेक 'ळ' ला दोन गोल असतात म्हणून. तो 'ळ' न अडकता पूर्ण झाला ना ताई, तेव्हा सात आठवडे अन भिवंडी सगळं विसरलो.

आठवड्याभरानं त्याच पेनानं माझा पांढरा शर्ट रंगवला. असल्या पेनात शाई अर्ध्याखाली गेली की वर हवा उरते, हाताच्या गरमीनं ती फुगते अन शाईला बाहेर ढकलते, टप्पकन थेंब. उन्हाळ्यात तर जास्तच. ह्यांचं जर ड्रॉपरनं भरायचं पेन असेल तर आत्ताच सांगून ठेवा, अर्धं झालं की लगेच भरायचं अन शर्टाच्या खिशात ठेवायचं नाही. उलट आपल्याकडं मे महिन्यात साधं पेन आठवडाभर पडून राहिलं की त्याचा घसा कोरडा. मला अजून एक जपानी पेन घ्यायचंय, प्लॅटिनमचं 3776, फुजी पर्वताची उंची 3776 मीटर म्हणून ते नाव, त्याच्या टोपणात आतून स्प्रिंगवालं झाकण बसतं अन शाई कित्येक महिने वाळत नाही. घरी अजून बोललो नाही. दिवाळीच्या आधी वातावरण पाहून काढीन.

पैशाचं म्हणाल तर क्रेडिट कार्डावर उधारीनं घेत असतील तर खुशाल झापा, मी पण तुमच्या बाजूनं. बाकी दहा वेळा ट्रॅक केल्यानं पार्सल लवकर येत नाही हे त्यांना पण माहीत आहे, मला पण माहीत आहे. फक्त एक करा, कोणती निब मागवली ते विचारून इथं सांगा. ब्रॉड म्हणजे जाड मागवली असेल अन हिशोबाची वही मराठीत लिहीत असतील, तर सोळाव्याची तयारी ठेवा.