ओल्या सोयाबीनचा ढीग आतून गरम का होतो?

ढीग तापतो कारण त्यातले दाणे जिवंत आहेत आणि श्वास घेत आहेत. बाहेरच्या उन्हाशी त्याचा संबंध नाही. तुम्ही लिहिलंय की परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन मळून खोलीत टाकलं आणि दोन दिवसांत हात घातला तर चटका बसला. बारावीच्या जीवशास्त्रातलं पेशीश्वसन ते हेच. पेशी साठवलेली साखर, तेल ऑक्सिजनच्या मदतीने तोडते आणि सुटलेल्या ऊर्जेतून एटीपी, म्हणजे पेशीला कामासाठी लागणारी ऊर्जा धरून ठेवणारा रेणू, बनवते. पण या ऊर्जेतली जेमतेम ४० टक्के एटीपीत अडकते, बाकीची तिथेच उष्णता होते. एटीपी वापरला की तीही बहुतेक उष्णताच. मोकळ्या दाण्याची उष्णता हवेत निघून जाते, ढिगाच्या पोटातली कुठे जाणार? शिवाय श्वसनातून पाणीही तयार होतं, म्हणजे ओल आणखी वाढते. दाण्यात १०-१२ टक्केच ओल असेल तर हे सगळं जवळपास थांबलेलं असतं.

मात्र सगळा दोष दाण्याचा नाही. ओल जास्त असली की बुरशी जोर धरते, तीही श्वसनच करते, आणि चटका बसण्याइतकी उष्णता बहुतेक तिचीच असते. बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर आजच पातळ पसरा, नाहीतर दाण्याची उगवणशक्ती आधी मरते. आपल्याकडे ज्वारीचं पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) उघडल्यावर लगेच आत उतरत नसत, त्याचंही कारण श्वसनच: आतला ऑक्सिजन संपलेला असतो.