पियानो नक्की कोण वाजवतंय?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. मागच्या महिन्यात आम्ही लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची पियानोची ग्रेड आठ परीक्षा डिस्टिंक्शनमध्ये पास झालो. आता रोज सहा तास सराव ठेवला आहे. दहावी सतरा नंबरच्या फॉर्मवर करणार. चिनी पियानिस्ट लांग लांगच्या वडिलांनी मुलासाठी नोकरी सोडली, मीही व्हीआरएस घेतोय. तिची उजवी करंगळी थोडी दुखते, सरावाने जाईल. शाळेच्या कॉयरला (समूहगानाला) साथ करण्यात वेळ जायचा, ते बंद केलं. कॉन्सर्ट पियानिस्ट होण्यासाठी पुढे कोणत्या परीक्षा द्याव्यात? – एक वडील, नाशिक

उत्तर : परीक्षांचं नंतर बघू, आधी करंगळी. हे दुखणं सरावाने जात नाही, वाढतं. अमेरिकन पियानिस्ट लिऑन फ्लायशर ऐन भरात असताना, १९६४च्या सुमारास, त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळू लागली. पुढची तीसेक वर्षं ते एकट्या डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत आणि शिकवत राहिले. तुमच्या मुलीला तेच झालंय असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, तुम्हीही नाही. या आठवड्यात तिला हाताच्या तज्ज्ञाकडे न्या, तोवर पियानोचं झाकण बंद.

लांग लांगची गोष्ट तुम्ही अर्धीच वाचलेली दिसते. वडील पोलिसातली नोकरी सोडून नऊ वर्षांच्या मुलाला बीजिंगला घेऊन आले, आई पगारासाठी त्यांच्या गावी, शेनयांगलाच राहिली. बीजिंगच्या शिक्षिकेने मुलाला नाकारलं, तेव्हा बापाने पोराला ‘जीव दे’ म्हणून सांगितलं. हे लांग लांगने स्वतःच लिहून ठेवलंय. त्यानंतर काही महिने त्याने पियानोला हात लावला नाही. तो जगप्रसिद्ध झाला म्हणून बापाची नोकरी सोडणं आपल्याला त्याग वाटतं. ज्यांची मुलं पुढे आली नाहीत, त्या बापांबद्दल कोण छापणार? आणि २०१७मध्ये अतिसरावाने त्याचाही डावा हात दुखावला, वर्षभराहून जास्त काळ तो स्टेजपासून लांब होता.

‘आम्ही पास झालो’ म्हणता, पण परीक्षकासमोर एकटी ती बसली होती. तिला काय हवंय, याची पत्रात एक ओळ नाही. व्हीआरएसचा अर्ज दिला असेल तर मागे घ्या. बापाची नोकरी आपल्या बोटांवर गेली, हे ओझं घेऊन कुठली पोर मोकळ्या हाताने वाजवेल?

आता ग्रेड आठबद्दल. ग्रेडची शिडी तिथे संपते, म्हणून पालकांना वाटतं की आता स्टेजच उरलं. विशारद झालेले सगळे सवाईत गातात का? ग्रेड आठला तीन रचना आणि काही चाचण्या असतात, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत. कॉन्सर्ट पियानिस्ट दीड तास एकटा बसतो, बहुधा समोर नोटेशन न ठेवता. व्हायोलिनवाला आपलं वाद्य घेऊन हिंडतो, याला मात्र हॉलमध्ये असेल त्याच पियानोशी तासाभरात जुळवून घ्यावं लागतं. वॉर्सातली पियानोची शोपाँ स्पर्धा पाच वर्षांनी एकदा येते, आणि तिथे बक्षीस मिळवणाऱ्यांनाही पुढच्या कार्यक्रमांसाठी झगडावं लागतं.

मार्ग विचारलेत म्हणून सांगते : एटीसीएल, एलटीसीएल हे ट्रिनिटीचेच ग्रेड आठनंतरचे डिप्लोमा, चेन्नईचं केएम म्युझिक कॉन्झर्वेटरी हे संगीत विद्यालय, नाहीतर परदेशातल्या ऑडिशन. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेत ट्यूशन फी नाही, पण सगळ्या वाद्यांचे मिळून विद्यार्थी दीडशेच्या आसपास. परदेशी पदवीला बारावी लागतेच, तेव्हा शाळा सोडवू नका.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आशेची वाटलेली गोष्ट तुम्ही बंद करून टाकली आहे. कॉयर. गाणाऱ्याचा श्वास कुठे संपतो ते ओळखून थांबायचं, नवं नोटेशन बघताक्षणी वाजवायचं, सूर चढा पडतोय म्हटलं की तिथल्या तिथे अर्धा सूर खाली उतरवायचं. हे सहा तास एकटं बसून येत नाही. पियानोवर घर चालवणाऱ्यांत शिकवणारे आणि साथ करणारेच जास्त. ऑपेरा कंपन्या, बॅले शाळा, संगीत विद्यालयं, सगळीकडे असा माणूस लागतो. साथीला दुय्यम मानायची खोड आपल्याकडे पेटी-तबल्यापासूनची, ती पियानोला कशाला लावता?

डॉक्टरांनी होकार दिला की शाळेत कॉयरच्या बाईंना भेटा आणि तिची जागा अजून रिकामी आहे का, विचारा. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. तुम्ही न वाचता पाठवलंत तर बरं.