पॅड कुलपात, मुलगा उपाशी

न्यू जर्सीच्या पालकांना,

तुमच्या पत्रात मुलाच्या बी ग्रेडवर दीड पान आहे आणि तो दोन दिवस जेवला नाही, यावर एक ओळ. मी त्या ओळीपाशीच अडकले. अकरावीतला मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात टॅकल (पुढच्या फळीत धडक घेणारा) खेळतो, व्यावसायिक खेळाडू व्हायचं म्हणतो, म्हणून तुम्ही त्याचे पॅड आणि हेल्मेट कुलपात ठेवलंत. ‘खेळ की शिक्षण, एक काय ते निवड’ असंही बजावलंत. हे वाक्य आधी मागे घ्या.

खेळात पडला की शिक्षण सुटलं, हा तुमचा समज त्याच्याच जागेवर खेळलेल्या ड्यूक स्लेटरने शंभर वर्षांपूर्वी खोटा ठरवलाय. त्याचे वडील धर्मोपदेशक. त्यांनीही फुटबॉलला बंदी घातली होती आणि मुलाने अन्न सोडल्यावर ती उठवली, असं सांगतात. बूट आणि हेल्मेट यांपैकी एकच परवडणार होतं, त्याने बूट घेतले. 1922 मध्ये तो रॉक आयलंड संघात आला. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, आघाडीच्या फळीतला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढे शिकागो कार्डिनल्सकडून 1931 पर्यंत खेळला. हंगाम संपला की आयोवा विद्यापीठात कायद्याचे वर्ग करायचा. 1928 मध्ये पदवी घेतली, तेव्हा तो अजून मैदानात होता. 1948 मध्ये शिकागोत न्यायाधीश म्हणून निवडून आला. खेळ सोडून अभ्यासाला बसला असं नाही, दोन्ही एकाच वेळापत्रकात होतं.

मुलालाही स्पष्ट सांगा. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल कुणाला घेत नाही, म्हणजे वाट कॉलेजातूनच जाते. एनएफएलमध्येही करारातली सगळी रक्कम हमीची नसते; संघाने काढलं की पुढच्या वर्षांचा पगार बहुतेकदा बुडतो. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या गटासाठी, शाळेतले 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (चारपैकी ग्रेडची सरासरी) लागतो. बी ग्रेडवाला त्यात आरामात बसतो.

जी भीती वाटायला हवी होती, ती मात्र पत्रात नाहीच: डोक्याची दुखापत. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आत मेंदू हलायचा तो हलतोच. टॅकल तर जवळपास प्रत्येक चालीत धडक घेतो. कोचला भेटून विचारा: सरावाला अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती पाहणारा) हजर असतो का? हंगामाआधी मेंदूची चाचणी होते का? आठवड्यात पूर्ण धडकेचा सराव किती मिनिटं? धडकेनंतर डोकं दुखलं तर त्याच दिवशी परत मैदानात सोडतात का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला त्या संघातून काढा. त्याचं कारण ग्रेड नाही, हे मुलाला नीट सांगा.

आज रात्री कुलूप उघडा आणि त्याच्यासोबत जेवायला बसा. ग्रेडचा विषय काढू नका.