उल्कांच्या धुळीने गुरूच्या वरच्या हवेतली विद्युतवाहकता कशी वाढते?

तुमचा प्रश्न असा: उल्कांमधले धातू गुरूच्या वरच्या वातावरणात मिसळून तिथली विद्युतवाहकता वाढवतात म्हणे, पण चिमूटभर धुळीने एवढा फरक कसा पडेल? की त्यासाठी १९९४ मध्ये गुरूवर आदळलेल्या धूमकेतूसारखी मोठी टक्कर लागते?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. लोखंडाची तार वीज वाहून नेते, म्हणून लोखंड मिसळलेली हवाही नेईल, असा हा हिशेब नाही. अणू सुटे झाले की त्यांचा तारेतला गुण संपला. इथे उपयोगी पडते ती त्यांची वेगळीच खोड: इलेक्ट्रॉन चटकन देऊन टाकायचा आणि परत घ्यायला मात्र महिने लावायचे.

गुरूची हवा मुख्यतः हायड्रोजनची. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथे जे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले भारित कण; हवेतून वीज वाहते ती हे आणि सुटे इलेक्ट्रॉन असल्यामुळे) तयार होतात, त्यांतला महत्त्वाचा म्हणजे तीन हायड्रोजन अणूंचा एचथ्रीप्लस. तो रेणू आहे, आणि तेच त्याचं दुखणं. इलेक्ट्रॉन येऊन चिकटला की सुटणारी ऊर्जा रेणू तुटण्यात खर्च होते आणि काम तमाम. मॅग्नेशियम किंवा लोहाच्या एकट्या आयनाला तुटायची सोय नाही. ती ऊर्जा त्याला प्रकाशाच्या रूपानेच बाहेर टाकावी लागते, आणि हा प्रकार साधारण लाखपट हळू घडतो. घन सेंटिमीटरला दहा हजार इलेक्ट्रॉन धरले, तर एचथ्रीप्लसचं आयुष्य काही मिनिटांचं भरतं. गुरूची रात्र जेमतेम पाच तासांची, पण तेवढ्यातही हे आयन बरेच विरतात. धातूंचे आयन सकाळी जागच्या जागी असतात. शिवाय हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, सोडियमचा ५.१ मध्ये निघतो. म्हणून हायड्रोजनचे आयन धातूचा अणू भेटला की आपला भार त्याच्या गळ्यात मारून मोकळे होतात.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते रेडिओमुळे. मला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, नाद आहे. ५० मेगाहर्ट्झचे संदेश एरवी आयनांबर (हवेचा वरचा, आयनांनी भरलेला थर) भेदून निघून जातात. पण एखाद्या दिवशी शेकडो किलोमीटर लांबचं स्टेशन शेजारच्या खोलीत बसल्यासारखं ऐकू येतं आणि तासाभरात गायब होतं. ती करामत शंभरेक किलोमीटर उंचीवर, वाऱ्यांनी पातळ थरात दाबून बसवलेल्या उल्कांच्या लोह-मॅग्नेशियमची. गुरूवरही मूळ गोष्ट हीच.

पण आयन नुसते असून भागत नाही, योग्य उंचीवर असावे लागतात. चुंबकीय क्षेत्रात आयन गिरक्या घेतो. फार वर धडका होत नाहीत, त्यामुळे आयन आणि इलेक्ट्रॉन एकाच दिशेने वाहतात आणि क्षेत्राला आडवा प्रवाह तयार होत नाही. फार खाली इतकी गर्दी की आयन हवेतच अडकून पडतो. मधल्या पट्ट्यात गिरक्या आणि धडका बरोबरीला येतात, तिथे वाहकता सर्वाधिक. एकटे प्रोटॉनही (एकेरी हायड्रोजन अणूंचे आयन) दीर्घायुषी असतात, पण त्यांचा मुक्काम बराच वर. धातू मात्र नेमके याच पट्ट्याच्या आसपास, ढगांपासून काहीशे किलोमीटरवर, सोडले जातात. खरी मेख इथे आहे.

आता टकरीचं. शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे जुलै १९९४ मध्ये आदळले तेव्हा सोडियम, मॅग्नेशियम, लोह यांच्या वर्णरेषा (प्रकाशातल्या ओळखीच्या खुणा) दिसल्या होत्या, पण तो एका अक्षांशावरचा तात्पुरता तमाशा. रोजचं काम बारीक धूळ करते. गुरूचं गुरुत्वच एवढं की सावकाश आलेला कणही साधारण ६० किमी प्रति सेकंद वेगाने आत शिरतो (पृथ्वीवर किमान ११) आणि जळतोच.

याने बिघडतं काय? आयो हा उपग्रह सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात सोडतो. त्याचं प्लाझ्मा (सुट्या आयन-इलेक्ट्रॉनांचा वायू) झालं की गुरू त्याला आपल्या दहा तासांच्या फेऱ्यात ओढतो. ती ओढ पोचवणारे प्रवाह गुरूच्या आयनांबरातून मंडल पूर्ण करतात, म्हणजे आयनांबर ही इथली क्लचप्लेट. वाहकता कमी तर क्लच घसरतो आणि प्लाझ्मा मागे पडतो. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात वरून कोसळणारे इलेक्ट्रॉन स्वतःच भरपूर एचथ्रीप्लस तयार करतात, तिथे धातूंची भर तुलनेने कमी जाणवावी. मध्य आणि खालच्या अक्षांशांवर, विशेषतः रात्री, ती मोठी ठरू शकते.

आपल्याकडे आयनांबरातल्या प्रवाहांचा रोजचा चढउतार अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत जमिनीवर बसून नोंदता येतो. (ही वेधशाळा १९०४ मध्ये कुलाब्याहून तिकडे नेली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या.) गुरूवर जमीनच नाही, मग अलिबाग कुठे काढणार? गुरूभोवती फिरायला पाठवलेलं जुनो यानसुद्धा जवळात जवळ ढगांच्या सुमारे ४,००० किमी वरून जातं, या थराच्या कितीतरी वर. त्यामुळे भिस्त आहे ती संगणकी प्रारूपांवर आणि यानाचा रेडिओ संदेश गुरूच्या कडेवरून घासत येताना कसा बदलतो त्यावर. त्या नोंदींमध्ये खालच्या बाजूला इलेक्ट्रॉनांचे पातळ, टोकदार थर दिसले आहेत. तिथल्या वाऱ्या-लहरींनाही असे थर घडवता येतात, पण मला ते पाहिले की ५० मेगाहर्ट्झच आठवतं.